बूढापाऱ्यातलं गुरूचं वेळापत्रक

रायपूरला मी परीक्षा घ्यायला गेले होते आणि देऊन आले. निकाल शेवटी सांगते, आधी प्रवास.

पुण्यातल्या निवृत्त माणसाला दोनच कामं असतात: सकाळी टेकडी चढणं आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांच्या चुका काढणं. टेकडी माझ्या गुडघ्यांनी बंद केली. दुसरं काम मात्र घरबसल्या येतं. आयुष्यभर मी उपग्रहांच्या कक्षा आखल्या, त्यामुळे कुठल्या कॉलेजात कोणी यानाच्या मार्गावर प्रबंध लिहिला की बाहेरची परीक्षक म्हणून मला बोलावतात. या वेळचा प्रबंध रायपूरहून आला होता. प्राची देवतळे, एम. टेक.चं शेवटचं वर्ष. विषय होता गुरूच्या चंद्रांना भेटी देत फिरणाऱ्या यानाचा मार्ग.

हे प्रकरण काय असतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गुरूपर्यंत यान पोचवणं हे अर्धंच काम. पोचल्यावर त्याच्याकडे इंधन उरतं जेमतेम, आणि हिंडायचं तर असतं मोठमोठ्या चंद्रांकडे. मग चंद्रांचाच आधार घ्यायचा. पोरं धावता धावता खांबाला हात घालून वळतात ना, तसं यान एका चंद्राच्या अगदी जवळून जातं, त्याच्या ओढीने वळतं आणि पुढच्या चंद्राच्या वाटेला लागतं. प्राचीने अशा तेवीस भेटी एकापुढे एक ओवल्या होत्या. यात एक भेट हुकली की पुढच्या सगळ्या हुकतात.

निघण्याआधी मी तिचे आकडे माझ्या प्रोग्रॅममध्ये घातले. पहिलीच भेट युरोपा या चंद्राशी, शंभर किलोमीटर उंचीवरून. माझ्या पडद्यावर यान युरोपाच्या बर्फावर जाऊन आदळलं. पुढे बघायची मला गरज वाटली नाही. समासात पेन्सिलीने ‘अमान्य’ लिहिलं आणि बॅग भरली. पेन्सिलीने एवढ्यासाठी, की शाईने लिहायचं ते तोंडी परीक्षा झाल्यावर, असा माझा नियम आहे. खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. दुसऱ्याची चूक सापडली की मला चांगली भूक लागते.

मंगळवार

ती भूक साहू सरांनी भागवली. साहू सर म्हणजे प्राचीचे मार्गदर्शक. गोल चेहऱ्याचे, घाईत असलेले, पण पाहुण्याला खाऊ घालताना मात्र अजिबात घाई न करणारे. स्टेशनावरून मला त्यांनी सरळ एका टपरीवर नेलं. तिथे तव्यावर चीला होत होता. आपलं धिरडं असतं ना, त्याचा हा तांदळाचा चुलतभाऊ, कडेने कुरकुरीत आणि मध्ये लुसलुशीत. सोबत टोमॅटोची चटणी, जी खाताना गोड लागते आणि दोन मिनिटांनी कान तापवते. दोन चीले झाल्यावर टपरीवाला म्हणाला, “दीदी, एक अउ?” मी नको म्हटलं. त्याने वाढला. पुन्हा नको म्हटलं. पुन्हा वाढला. आमच्या पुण्यात ‘नको’ असं नुसतं मनात आलं तरी समोरचा ताट उचलतो.

गेस्ट हाऊसवर बॅग उघडली तेव्हा लक्षात आलं की लॅपटॉप आणला आहे आणि चार्जर पुण्यात टेबलावर आहे. दुसऱ्यांच्या चुका काढायला बाराशे किलोमीटर आलेल्या बाईला हे शोभत नव्हतं. म्हणून मी ते कोणाला सांगितलं नाही.

दुपारी कॉलेजात विभागप्रमुखांच्या खोलीत प्राचीची भेट झाली. किडकिडीत मुलगी, हातात स्कूटरचं हेल्मेट, तेही उराशी धरलेलं. मी लांबण लावली नाही. विभागप्रमुख आणि साहू सर दोघांसमोर सांगितलं, “पहिल्याच भेटीत तुझं यान युरोपावर आदळतं. असा मार्ग मला पास करता येणार नाही.”

तिचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. “नहीं मॅडम, ऐसा नहीं होना चाहिए।”

“देवतळे ना तू? मराठी येत नाही का?”

“समझती हूँ मॅडम। घर में सब मराठी ही बोलते हैं। बोलने जाती हूँ तो गड़बड़ हो जाती है।” मग जरा थांबून म्हणाली, “आप एक बार चार्ट देख लीजिए।”

“घेऊन ये.”

“नहीं ला सकती। दीवार पे चिपका है।”

ती गेल्यावर साहू सरांनी दार लोटलं आणि हळूच सांगितलं की बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत याच विषयासाठी तिची निवड झाली आहे. निकाल या आठवड्यात पोचला तर जागा तिची, नाहीतर यादीतल्या पुढच्याची. या कॉलेजातून अशा कामाला आजवर कोणी गेलेलं नव्हतं. साहू सर विनवणी करत नव्हते, फक्त माहिती देत होते. ते मला जास्त जड गेलं.

परीक्षकाने विद्यार्थ्याच्या घरी जाऊ नये, गेलंच तर पाणीही पिऊ नये, हा माझा दुसरा नियम. पण भिंत काही कॉलेजात येणार नव्हती. शिवाय प्राचीकडे माझ्या लॅपटॉपला चालेल असा चार्जर आहे, असं मी तिच्या बॅगेत पाहून ठेवलं होतं. साहू सर बरोबर येत असतील तर जाते, असं मी सांगितलं.

बुधवार, बूढापारा

बूढापारा म्हणजे बूढा तलावामागची वस्ती. तिथल्या गल्लीत साहू सरांची गाडी शिरेना, म्हणून उतरून चालत गेलो. दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीने दुकानाच्या पायरीवर चढायचं, अशी तिथली पद्धत. कोणी कोणावर ओरडत नाही. आमच्या पेठेत अशा प्रसंगी दोघांचे पूर्वज बाहेर येतात.

देवतळ्यांचं घर एका स्टेशनरीच्या दुकानावर आहे. वडील वर दारात वाट पाहत उभे होते. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, मनगटावर घड्याळ आणि भिंतीवर आणखी दोन घड्याळं. तीस वर्षं रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात काढलेला माणूस. त्यांचे वडील वर्ध्याहून रेल्वेच्याच नोकरीत इकडे आले आणि घर इथलंच झालं. प्राचीच्या आईने पाण्याचा पेला पुढे केला. मी नियम सांगितला.

“पाणी पेल्यानं पोट्टीचे मार्क वाढत नाहीत जी,” त्या म्हणाल्या. “घ्या. ऊन पाहा किती आहे.”

मी पाणी प्यायले. उरलेला नियमही मोडला, आणि मग मी भिंतीकडे वळले.

ती भिंत मी कधी विसरणार नाही. कागदाला कागद जोडून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच तक्ता चिकटवलेला. रेल्वेत गाड्यांची आखणी करतात तसा: आडवी वेळ, उभी अंतरं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक रेघ. जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे दोन गाड्या भेटतात. प्राचीने गाड्यांच्या जागी चंद्र घेतले होते. युरोपा निळ्या पेन्सिलीने, गॅनिमीड हिरव्याने, कॅलिस्टो तपकिरीने, वर-खाली लहरत जाणाऱ्या रेघा. आणि त्यांतून वाट काढत जाणारी यानाची लाल रेघ. तेवीस ठिकाणी लाल रेघ दुसऱ्या रंगाला टेकत होती, आणि तिथे बारीक अक्षरात वेळ लिहिलेली. आम्ही हे काम लाखभर मार्ग कॉम्प्युटरला चाळायला लावून करतो आणि हाती येतात ते आकड्यांचे ढीग. इथे कोणीही दारातून आत येऊन यान कुठे कोणाला भेटणार ते बोटाने दाखवू शकलं असतं.

“हे तुला कोणी शिकवलं?” मी विचारलं.

“पापा ने। पहले हाथ से चार्ट, फिर कॉम्प्युटर। बोलते हैं, जो गाड़ी कागज पे नहीं दौड़ती वो पटरी पे क्या दौड़ेगी।”

वडील लाजून खिशातली पेनं सारखी करू लागले.

तेवढ्यात त्यांनी हात वर केला. “एक मिनिट, मॅडम.” खोली गप्प झाली. प्राचीची आई चहाचं भांडं हातात घेऊन दारातच थांबली. देवतळ्यांनी फोन लावला आणि मनगटाकडे पाहत एकदम वेगळ्या, सपाट आवाजात म्हणाले, “अभनपूर, सोळा वाजले.”

पलीकडून छत्तीसगढीत होकार आला, “हव, मिल गे.”

फोन ठेवला, आणि खोली पुन्हा बोलू लागली. प्राचीने हसत समजावलं. रेल्वेत रोज दुपारी चारला कंट्रोलवरून सगळ्या स्टेशनांना वेळ देतात आणि सगळी स्टेशनं आपापलं घड्याळ त्याला मिळवतात. पापा निवृत्त झाले, पण अभनपूरचे निवृत्त स्टेशनमास्तर चंद्राकरबाबू यांना अजून रोज वेळ देतात. एक दिवस चुकला तर बाबूंचाच फोन येतो, तब्येत बरी आहे ना म्हणून. पुण्यात चार वाजता दुकानं उघडतात, इथे घड्याळं मिळवतात, असा विनोद मी मनात केला. तो माझा त्या दिवसातला शेवटचा विनोद.

चार्जर मिळाला. मी पहिली भेट पुन्हा चालवून दाखवली. यान पुन्हा आदळलं. प्राची ओठ चावत पाहत होती.

देवतळे खुर्चीच्या मागे उभे होते. “मॅडम, तुमी फक्त पयलीच गाडी पाह्यली काय?”

“पहिलीच आदळली, तर पुढचं कशाला पाहायचं?”

“तसं नाही जी. मले तं हे ग्रह-तारे समजत नाहीत. पण एक गाडी लेट असन तं गाडीले विचारतो आमी. सगळ्याच पाहा ना.”

त्या गृहस्थांचं मन राखायला म्हणून मी प्रत्येक भेटीत चंद्र कुठे असायला हवा आणि माझ्या हिशेबात कुठे येतो ते काढलं. युरोपा प्रत्येक वेळी सुमारे साडेनऊशे किलोमीटर पुढे. गॅनिमीड साडेसातशे पुढे. कॅलिस्टो पावणेसहाशेच्या आत-बाहेर, तोही पुढेच. मागे एकही नाही.

“फरक तर सगळीकडे वेगळा आहे,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच थोडा बारीक वाटला.

 प्राचीने तक्त्याखाली ठेवलेली पेन्सिल उचलली, प्रत्येक अंतराला त्या त्या चंद्राच्या वेगाने भागलं आणि उत्तरं एकाखाली एक लिहिली. एकोणसत्तर सेकंद. एकोणसत्तर. एकोणसत्तर. मग पेन्सिल खाली ठेवून तिने कागद वडिलांकडे सरकवला.

वडिलांनी तो कागद वाचला. “सगळ्याच गाड्या सारख्याच टायमानं पुढं पळून राहिल्या, तं गाड्यांचा कसूर नाही. घड्याळाचा आहे.”

 कोणाचं घड्याळ, हे सांगायची गरज नव्हती, कारण माझे कान त्या टोमॅटोच्या चटणीपेक्षा जास्त तापले होते.

झालं होतं ते असं. पृथ्वी जरा रेंगाळत फिरते, म्हणून आपल्या रोजच्या घड्याळात अधूनमधून एखादा सेकंद जादा घालून ते तिच्याशी जुळवून घेतलेलं आहे. ग्रहांचे तक्ते ज्या घड्याळावर चालतात त्याला पृथ्वीचे हे लाड मंजूर नाहीत, ते सरळ चालत राहतं. दोन्हींमध्ये आज एकोणसत्तर सेकंदांचं अंतर आहे. पृथ्वीभोवतीच्या उपग्रहांसाठी मी जन्मभर पहिलं घड्याळ वापरलं. प्राचीने गुरूसाठी दुसरं वापरलं होतं, जे योग्यच होतं. माझ्या प्रोग्रॅमने तिच्या वेळा आपल्या घड्याळातल्या समजून प्रत्येक चंद्राला एकोणसत्तर सेकंद पुढे ढकललं होतं. युरोपा तेवढ्या वेळात साडेनऊशे किलोमीटर जातो आणि खुशाल यानाच्या वाटेत येऊन उभा राहतो.

“तू कुठलं घड्याळ धरलंस ते लिहायला हवं होतंस,” मी म्हटलं. माणूस बुडताना काडी धरतो.

“लिखा है मॅडम। पेज चार पे, नीचे।” आणि मग घाईघाईने, “बहुत छोटे अक्षर में है। मुझे बड़ा लिखना चाहिए था।”

पान चारची तळटीप. मी तळटीपा वाचत नाही. समोरची मुलगी माझी चूक स्वतःच्या अक्षराच्या आकारावर घ्यायला निघाली होती, आणि तिची बंगळूरची जागा माझ्या पेन्सिलीच्या एका शब्दाला टांगलेली होती. मला लाज वाटली, हे सांगायला हवं. आणि त्याच क्षणी तिचा विलक्षण अभिमान वाटला, जसा माझ्या स्वतःच्या कामाचाही फार वेळा वाटला नव्हता.

गेस्ट हाऊसवर परतताना वाटलं, पेन्सिल तर आहे, खोडून टाकावं. कोणाला कळणार? पण मंगळवारी मी विभागप्रमुखांसमोर ‘पास करता येणार नाही’ म्हटलं होतं. बुधवारी मुलीच्या घरी गेले. गुरुवारी मुकाट्याने पास केलं असतं तर बूढापाऱ्यात पाणी पिऊन मॅडम विरघळल्या, असंच लोक म्हणाले असते, आणि ते बालंट प्राचीच्या कपाळी बसलं असतं. झाकायची सोय नव्हती. झाकावंसं वाटलं, तेवढंच कबूल करते.

गुरुवार

परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर देवतळे बसले होते, इस्त्रीच्या बुशशर्टात, दोन्ही हात गुडघ्यांवर. आत विभागप्रमुखांनी सुरुवातीलाच विचारलं, “मॅडम, परसों तो आपने कहा था कि यान टकरा जाता है?”

“आदळतं ते माझ्या हिशेबात,” मी म्हटलं, “कारण माझं घड्याळ चुकीचं होतं. या मुलीचं बरोबर होतं. चूक हिने शोधली आणि हिच्या वडिलांनी.” मग फळ्यावर जाऊन सगळं मांडलं, एकोणसत्तर सेकंदांसकट. विभागप्रमुखांनी दोनदा चष्मा पुसला. साहू सर खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे खांदे हसत होते.

त्यानंतर मी प्राचीला तासभर सोलून काढलं. तो माझा हक्क होता, आणि तिचाही. यान पहिल्या भेटीत थोडं चुकलं तर पुढची बावीस कशी सावरशील? गुरूच्या जवळच्या किरणोत्सारात किती वेळ काढतेस, आणि काहून? होय, ‘का’च्या जागी देवतळ्यांच्या घरचं ‘काहून’ माझ्या तोंडून गेलं. ती फळाभर लिहीत गेली, पुसत गेली, हात पांढरे होईतो. एका प्रश्नावर मात्र थांबली. हिंदीत सुरू केलं, अडखळली, आणि मग माझ्याकडे सरळ पाहत म्हणाली, “मले हे माहीत नाही, मॅडम. पण शोधून सांगतो.”

माहीत नाही, हे इतक्या ताठ मानेने सांगणारी विद्यार्थिनी मी फार थोड्या वेळा पाहिली आहे. तिच्या घरचं मराठी मी तोवर अडाणी समजत होते, हेही इथे लिहून टाकते.

परीक्षकाच्या अहवालात ‘आढळलेले दोष’ असा एक रकाना असतो. ‘अमान्य’ खोडलं, पेन उघडलं आणि त्या रकान्यात शाईने लिहिलं: ‘दोष परीक्षकाच्या घड्याळात, एकोणसत्तर सेकंद. मार्ग निर्दोष. उत्कृष्ट श्रेणी.’ खाली सही केली.

बाहेर आल्यावर प्राचीने वडिलांना त्याची प्रत दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली, मग चष्मा काढून वाचली. “तीस वर्षं कंट्रोलमधी होतो,” ते म्हणाले, “लेट गाडी कोणाच्या नावावर टाकायची याची भांडणंच पाह्यली. वरच्यानं आपल्या नावावर घेतलेली पयल्यांदा पाहून राहिलो.” मग ते तोंड फिरवून जिन्याकडे गेले. प्राची हेल्मेट उराशी धरून उभी होती, आणि या वेळी रडत होती.

शुक्रवार, अभनपूर

निकाल लागला, नियम संपले. शुक्रवारी देवतळ्यांनी मला अभनपूरला नेलं. बाजाराचा दिवस होता. धानाची पोती, टोपल्या, आणि भाजीच्या ढिगांमधून वाट काढताना माझी चप्पल तुटली ती तुटलीच. चंद्राकरबाबूंच्या घरी मी अनवाणी पोचले. ऐंशीच्या पुढचे, काठीसारखे सरळ गृहस्थ. त्यांच्या सूनबाईंनी फरा केला होता: तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या लांबट वळ्या, वरून तीळ-मिरचीची फोडणी. आपले मुटके आठवले, पण हे जास्त मऊ. ‘नको’ म्हणणं मी टपरीवरच सोडलं होतं. मी चार वेळा घेतले.

चारला पाच मिनिटं असताना देवतळे न बोलता अंगणात गेले. चंद्राकरबाबू घड्याळाखाली उभे राहिले. फोन वाजला. देवतळे पंधरा पावलांवरून, अंगणातून बोलत होते: “अभनपूर, सोळा वाजले.” बाबूंनी काटा पाहिला. “हव, मिल गे.” मग फोनवर हात ठेवून मला विचारलं, “दीदी, वो लड़की गुरु तक पहुँच जाही ना?”

मी म्हटलं, “हव.”

त्यावर त्यांनी फोनमध्ये काहीतरी सांगितलं आणि अंगणातून देवतळ्यांचं हसू ऐकू आलं. काय सांगितलं ते मला पुण्याला येईपर्यंत कळलं नाही.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारला फोन वाजला. “पुणे, सोळा वाजले.” मी गडबडून उठले, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं मागे होतं. किती वर्षं मागे होतं कोण जाणे. मिळवलं आणि म्हटलं, “हव, मिळालं.” तेव्हापासून देवतळ्यांच्या लाइनीवर अभनपूरनंतर पुणे लागतं.

गेल्या सोमवारी चारला वाजलेला फोन मात्र बंगळूरचा होता. पलीकडे संस्थेच्या कँटीनचा कलकलाट होता, त्यातून एक आवाज आला, सपाट, थेट कंट्रोल ऑफिसातला, आणि या खेपेला मराठीत.

“पुणे, सोळा वाजले. गुरूकडे सोळा वाजून एक मिनिट नऊ सेकंद.”